खातीये ना, मग दात कशाला बघायचे?

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट आहे, लग्नसराई जोरात, आणि पागनीसपागेकडच्या एका काकांचा सकाळी सातला फोन, की अगं ती मोठी घोडी मान झटकून राहिलीये, काल वरातीत नवरदेव पडता पडता वाचला, तू येऊन एक इंजेक्शन देऊन जा. कसलं इंजेक्शन ते त्यांनाच माहीत. मी गेले. काकांनी आधी पोहे-जिलबी पुढे केली, इंदोरात डॉक्टरला खाऊ घातल्याशिवाय पेशंट दाखवत नाहीत, आणि मी प्लेट हातात घेऊन पत्र्याच्या शेडखाली घोडी काय करतीये ते बघत उभी राहिले. ती भुसा तोंडात घ्यायची, चार-पाचदा चावायची, मग मान जरा तिरकी करायची आणि तोंडाच्या कडेनं एक ओला लांबट बोळा, साधारण पानाच्या विड्याएवढा, खाली पडायचा. परत घ्यायची, परत बोळा. जमिनीवर असे पंधरा-वीस बोळे होते, काही वाळलेले, म्हणजे कालचे-परवाचे.

म्हटलं, काका, तोंड बघूया का तिचं?

तर म्हणे, "तोंडाला काय झालंय? खातीये ना ती, मग दात कशाला बघायचे?"

हे वाक्य मी गेली बारा वर्षं ऐकतेय, महूच्या व्हेटर्नरी कॉलेजातून बाहेर पडले तेव्हापासून. वरातीच्या घोडीवाल्यांकडून, वीटभट्टीवरच्या खेचरवाल्यांकडून, रेती वाहणाऱ्या गाढववाल्यांकडून, आणि हो, लाखाच्या वर पैसे मोजून मुलांसाठी घोडा घेणाऱ्यांकडूनही. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून काढावं, की घोड्याच्या तोंडात नक्की चालतं काय, आणि तो खात असला तरी दात का बघायचे.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, ती म्हणजे आपले दात. आपला दात एकदा आला की आला, पुढे तो किडला तर त्रास. घोड्याचा मामला मुख्यतः किडण्याचा नाही, झिजण्याचा आहे. जवान घोड्याची दाढ ८ ते १० सेंटीमीटर लांब असते, पण तोंडात दिसते जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर, बाकी सगळी जबड्याच्या हाडात साठवून ठेवलेली. ती दर वर्षी साधारण २ ते ३ मिलीमीटर बाहेर सरकते आणि तेवढीच चावून चावून झिजते. म्हणजे पेन्सिलीसारखं, जेवढं झिजलं तेवढं पुढे सरकवायचं. लोक म्हणतात घोड्याचे दात आयुष्यभर वाढतात, ते तसं खरं नाही, नवीन काही तयार होत नाही, आत होतं तेच बाहेर येत राहतं आणि पंचवीस-तीस वर्षांत साठा संपतो. चणे आहेत तर दात नाहीत ही म्हण ज्यानं कोणी काढली त्यानं म्हातारा घोडा जवळून बघितला असणार.

आता दाढ कशी आहे ते. माझ्या आजीकडे जातं होतं, आणि वर्षा-दोन वर्षांनी टाकी लावणारा यायचा, दगडावर छिन्नीनं टक टक करत खाचा पाडून जायचा, कारण दगड गुळगुळीत झाला की दळण भरडच निघतं. घोड्याची दाढ म्हणजे स्वतःला स्वतःच टाकी लावणारं जातं आहे. त्यात तीन वेगवेगळे पदार्थ वळ्यावळ्यांनी घातलेले असतात, एनॅमल सगळ्यात कडक, डेंटिन आणि सिमेंटम त्याहून मऊ, त्यामुळे झिजताना मऊ भाग आधी खाली जातो आणि कडक एनॅमलचे कंगोरे वर राहतात. कायम खरखरीत. त्या कंगोऱ्यांवरच गवत दळलं जातं. हे लक्षात ठेवा, पुढे कानशीचा विषय आला की लागणार आहे.

आणि दळणं घोड्याला इतकं महत्त्वाचं का, तर गायीला दुसरी संधी असते, ती गिळते आणि मग निवांत बसून रवंथ करते. घोड्याला एकच चान्स. एकदा गिळलं की ते परत वर येणं नाही, घोडा उलटीसुद्धा करू शकत नाही. नीट न दळलेल्या लांब काड्या आतड्यात जाऊन अडकल्या की पोटदुखी, आणि घोड्याची पोटदुखी म्हणजे काय हे ज्यानं रात्रभर घोडा फिरवलाय त्याला विचारा. शिवाय घोड्याच्या तोंडाला लाळ सुटते ती चावतानाच, दिवसाला ३५-४० लिटरपर्यंत, तीच जठरातलं आम्ल शांत ठेवते. कमी चावलं, कमी लाळ, असा सगळा सिलसिला आहे.

मग बिघडतं कुठे? दोन ठिकाणी, एक देवानं ठेवलेलं आणि एक आपण केलेलं.

देवानं ठेवलेलं असं की घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो, साधारण पाव हिस्सा तरी, गाढवात हा फरक घोड्याहूनही थोडा जास्त. दोन्ही हात एकावर एक धरा आणि वरचा पंजा जरा बाहेर काढा, तसं. त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड, म्हणजे गालाकडची, आणि खालच्या दाढांची आतली कड, जिभेकडची, कमी घासली जाते. घासली नाही की तिथं टोकं येतात. पत्र्याच्या डब्याचं झाकण कापल्यावर कड कशी होते तशी, बोट फिरवलं तर ग्लोव्ह फाटतो. वरची टोकं गाल कापतात, खालची जीभ.

घोडा मोकळ्या रानात असता तर जबडा पूर्ण आडवा फिरवून दिवसाचे पंधरा-सोळा तास चरत राहिला असता, दाढेची पूर्ण रुंदी घासली गेली असती, तरी थोडी टोकं आली असतीच पण कमी. आपण काय करतो, तोबऱ्यात चणे-जव घालून तोंडाला बांधतो आणि दोन वेळा भुसा टाकतो. एक किलो वाळलं गवत खायला घोड्याला तीन हजारांवर वेळा चावावं लागतं, चाळीसेक मिनिटं लागतात. एक किलो दाणा हजार-बाराशे चावण्यांत आणि दहा मिनिटांत खलास. आणि दाणा चावताना जबडा आडवा कमी, वरखाली जास्त हलतो. म्हणजे जातं फिरायच्या ऐवजी उखळ झालं. टोकं वाढणारच. उंचावर बांधलेल्या गव्हाणीचाही असाच प्रॉब्लेम आहे, मान खाली घातली की घोड्याचा खालचा जबडा जरा पुढे सरकतो आणि दाढांवर दाढा नीट बसतात, वर तोंड करून खाल्लं की तो मागेच राहतो, मग वरच्या पहिल्या दाढेला पुढे आणि खालच्या शेवटच्या दाढेला मागे आकड्यासारखी वाकडी टोकं यायला लागतात. म्हणून फुकटातला पहिला इलाज, चारा जमिनीवर टाका. पोटात माती जाऊ नये म्हणून खाली पोतं नाहीतर रबराचं घमेलं ठेवा, झालं.

काकांच्या घोडीकडे येते. तिला गुंगीचं औषध दिलं, मोरकी वर दोरीला टांगून डोकं आधारानं धरलं, तोंड उघडं ठेवायचा लोखंडी गॅग चढवला, हेडलॅम्प लावला आणि आधी भरपूर पाण्यानं तोंड धुतलं, कारण आत भुसा कोंबलेला असतो, काही दिसत नाही. धुतल्यावर काकांना म्हटलं या, बघा. उजव्या गालाच्या आत, वरच्या दाढांच्या बरोबर समोर, सव्वा इंच लांबीची एक जखम, कडा पांढरट, मधे लाल. तिच्या पुढे एक जुना वण. जिभेच्या कडेला दोन छोटे काप. आणि लगाम कसा, तर ओढला की गालाचं कातडं नेमकं त्या टोकांवर दाबणारा. म्हणजे वरातीत बँड वाजला, मोतद्दारानं लगाम ओढला की प्रत्येक वेळी गाल सुरीवर. मान झटकणार नाही तर काय करेल.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि तरी खात होती गं."

खात होती, कारण घोडा भूक लागली की दुखलं तरी खातो. तो शिकार होणारा प्राणी आहे, कळपात जो दुखणं दाखवतो त्याला वाघ आधी धरतो, हजारो वर्षांची सवय आहे ती. एका बाजूनं चावेल, सावकाश चावेल, बोळे टाकेल, पण खाईल. गाढव तर याचा कहर आहे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार हे गाढवाकडे बघूनच सुचलं असावं. बाणगंगेकडे एक गाढव बघितलं होतं, म्हातारं, रोज रेती वाहायचं, मालकाची तक्रार फक्त एवढीच की हड्डी दिसायला लागलीये, ताकतीचं काही द्या. तोंड उघडलं तर खालची एक दाढ कधीकाळी पडलेली आणि तिच्या बरोबर वरची दाढ, समोर घासायला कोणी नाही म्हणून, खाली उतरत उतरत त्या रिकाम्या खड्ड्यातल्या हिरडीत रुतून बसलेली. अख्खा जबडा त्या एका खुंटीनं अडकवून ठेवलेला, आडवा हलूच शकत नव्हता. शेजारच्या दोन दाढांच्या फटीत सडका चारा कोंबलेला, वास असा की मालक दोन पावलं मागे सरकला. ही फटीत चारा अडकायची भानगड गाढवांमध्ये फार, आणि आतल्या हिरडीला पस होऊन जे दुखतं ते घोड्याच्या तोंडातल्या सगळ्यात वाईट दुखण्यांपैकी एक मानतात.

गाढवाबद्दल अजून एक, हे घोडेवाल्यांनाही ठाऊक नसतं. गाढवानं खाणं पूर्ण सोडलं तर ती इमर्जन्सी आहे, उद्या बघू म्हणायचं नाही. उपाशी गाढवाचं शरीर अंगातली चरबी इतक्या जोरात रक्तात सोडतं की रक्त दुधाळ दिसायला लागतं, लिव्हर आणि किडनी बसतात आणि जनावर जातं. लठ्ठ गाढवांना आणि गाभण-दूध पाजणाऱ्या गाढवींना जास्त धोका. सुरुवात कुठून झाली तर एका दुखऱ्या दाढेतून.

कुठले दात कधी येतात ते पटकन सांगते, कारण तपासणी कधी करायची ते त्यावर ठरतं. शिंगराला पटाशीच्या दुधाच्या दातांची पहिली जोडी सहा दिवसांत, दुसरी सहा आठवड्यांत, तिसरी सहा महिन्यांत, हे गणित आम्हाला तोंडपाठ करून घेतलं होतं आणि ढोबळ मानानं ठीक आहे. मग अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना त्याच जोड्या पडून पक्के दात येतात, पाच वर्षांत तोंड पूर्ण. मोजले तर घोड्याला ४० ते ४४ आणि घोडीला बहुतेक ३६ ते ४०, कारण सुळे सहसा नरालाच असतात. गाढव-खेचरांचंही तेच, फक्त गाढवाचे दात जरा उशिरा येतात. याच हिशोबावर सगळा बाजार चालतो, जेजुरीला पौष पौर्णिमेला गाढवांचा बाजार भरतो तिथं दुवान, चौवान असे शब्द आहेत, दोन पक्के दात आणि चार पक्के दात. आमच्या उज्जैनला शिप्रेकाठी कार्तिकात भरतो तिथंही गिऱ्हाईक आधी ओठ वर करतं, मग भाव बोलतं. पाचपर्यंत हा अंदाज चांगला लागतो. त्यापुढे दातावरचे खड्डे बुजतात, वरच्या कोपऱ्याच्या दातावर दहाच्या सुमाराला एक खाच दिसायला लागते, पंधराला अर्ध्यावर, विसाला खालपर्यंत, असं शिकवतात, पण खरं सांगू तर दहानंतर मी छातीठोक वय सांगत नाही, दोन-चार वर्षं इकडेतिकडे होतात. आणि काही महाभाग म्हाताऱ्या जनावराच्या दातांत खड्डे कोरून काळं भरून त्याला तरुण करून विकतात, ही जगभरातली जुनी चोरी आहे.

गंमत बघा, बाजारात सगळे फक्त पुढचे दात बघतात. रोग असतो तो मागे, दाढांमध्ये, जिथं टॉर्च आणि गॅगशिवाय नजर पोचतच नाही.

तर किती वेळा बघायचं. शिंगरू जन्मल्यावर एकदा, वरचा जबडा पोपटासारखा पुढे आलेला नाही ना ते कळायला. अडीच ते पाच वर्षांमधे दर सहा महिन्यांनी, कारण या काळात तोंडात नुसती उलथापालथ चालू असते, दुधाच्या दाढेची टोपी पक्क्या दाढेवर अडकून बसते, आणि नेमकं याच वयात आपण लगाम चढवतो. लगाम पहिल्यांदा घालायच्या आधी तर बघायलाच पाहिजे, दाढांच्या पुढे कधीकधी एक छोटा खुजा दात असतो, वुल्फ टूथ म्हणतात, तो लगामाला लागत असेल तर काढतात. लागत नसेल तर राहू द्या, उगाच काढायचा नाही. पाच ते वीसपर्यंत वर्षातून एकदा, आणि विसाच्या पुढे परत सहा महिन्यांनी. वरातीच्या घोड्यांचं मी म्हणते चातुर्मासात उरकून घ्या, धंदा बंद असतो, घोडी रिकामी असते, आणि देवउठनीच्या, म्हणजे कार्तिकी एकादशीच्या, आदल्या दिवशी मला फोन करायची वेळ येत नाही.

आता कानस. काम ऐकायला सोपं, लांब दांड्याच्या कानशीनं टोकं घासायची, हातानं नाहीतर मोटरवाल्या मशीननं. दाताच्या त्या कडेला नस नाही म्हणून घासणं दुखत नाही, पण आवाज आणि थरथर यांनी जनावर घाबरतं, त्यामुळे गुंगी देऊनच करावं. वरचा ओठ दोरीनं पिळून धरून, चार जणांनी कान पकडून जे केलं जातं ते बंद झालं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, ना तोंड नीट दिसतं ना काम नीट होतं, आणि पुढच्या वेळी जनावर तोंडाला हात लावू देत नाही. खेचराला त्याच वजनाच्या घोड्यापेक्षा औषध जास्त लागतं, आणि खेचर एकदा बिथरलं की औषध चढतच नाही, म्हणून आधी शांत उभं करायचं, गप्पा मारायच्या, मग सुई. जीभ धरून ओढत उभं राहायचं नाही, जिभेच्या मुळाशी नाजूक हाडं असतात.

इथं माझा एक गुन्हा कबूल करते. मोटरवाली कानस नवीन घेतली होती, हात सळसळत होते, आणि एका घोड्याच्या दाढा मी अशा चकाचक केल्या, आरशासारख्या, की मालकानं फोटो काढले. चार दिवसांनी त्याचा फोन, मॅडम, घोडा आधी निदान बोळे टाकत होता, आता तोंडात घेऊन नुसता उभा राहतो. जात्याची टाकी आठवतेय ना? ते कंगोरेच मी घासून टाकले होते, गवत दळायला काही राहिलंच नव्हतं, वर दाढाही दुखऱ्या झाल्या असणार. दात आतून जिवंत असतो, त्याच्या आत नस आहे आणि वरचं कवच काही ठिकाणी थोड्याच मिलीमीटरचं, मशीन एका जागी जास्त वेळ धरली तर नुसत्या उष्णतेनं नस मरते आणि ते महिन्यांनी कळतं. तीन आठवडे त्या घोड्याला भिजवलेला कोंडा आणि मऊ हिरवं गवत यांच्यावर काढावे लागले. तेव्हापासून माझा नियम, टोक काढायचं, कड गोल करायची, चावायच्या पृष्ठभागाला शक्यतो हात लावायचा नाही. एखादी दाढ खूप वाढली असेल तर एका खेपेला ३ मिलीमीटरच्या आसपास, परत दोन-तीन महिन्यांनी थोडं. त्या बाणगंगेच्या गाढवाची खुंटी मी चार खेपांत खाली आणली. जो एका बैठकीत सगळं सरळ करून देतो म्हणेल त्याला चहा पाजून परत पाठवा.

अजून एक प्रकार, तो ऐकला की माझं डोकं फिरतं. जवान घोड्याच्या वरच्या पटाशीच्या दातांमागे टाळू फुगलेला दिसतो, दात येत असताना ते होतंच, नॉर्मल आहे, आपोआप बसतं. पण टाळू वाढला म्हणून खात नाही असं म्हणून तो चाकूनं कापायची नाहीतर तापलेल्या लोखंडानं डागायची जुनी पद्धत आहे, ती अजून कुठेकुठे चालते. जुनी माणसं घोड्याच्या वैद्याला सालोतरी म्हणायची आणि त्यांच्याकडे खूप काही शिकण्यासारखं होतं, नाल ठोकण्यात तर आजही आमच्यापेक्षा ते भारी, पण हे नाही. तोंडात जखम, त्यात घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडणारा, आणि दुखणं होतं ते मागे दाढेत, जिथं कोणी बघितलंच नाही. आणि काटेरी लगाम वापरणाऱ्यांसाठी, १९६५ पासून देशात नियम आहे, टोकं-काटे असलेला लगाम वापरणं बेकायदा आहे, "याच्याशिवाय ऐकत नाही" ही सबब चालत नाही.

घरी तुम्ही काय बघू शकता, तर बरंच काही, आणि तोंडात हात न घालता. गालावरून बाहेरून, डोळ्याच्या खालून नाकपुडीकडे जाणाऱ्या ओळीत वरच्या दाढा लागतात, तिथं बोटांनी हलकं दाबत जा, कुठं झटका देतो बघा. तोंडाचा वास घ्या, निरोगी घोड्याच्या तोंडाला गवताचा वास येतो, सडका नाही. लीद हातात घेऊन फोडा, ग्लोव्ह घाला हवं तर, आतले धागे साधारण अर्ध्या सेंटीमीटरच्या आतबाहेर पाहिजेत, लांब लांब काड्या किंवा अख्खे चणे दिसले तर दळण बिघडलंय. पाणी पिताना मान तिरकी करतो का, थंड पाण्याला तोंड लावून मागे घेतो का. आणि एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर सर्दी समजू नका, वरच्या मागच्या दाढांची मुळं नाकाशेजारच्या पोकळीत असतात, दाढ सडली की पस तिथून नाकात उतरतो, महिनाभर सर्दीची औषधं देऊन काही होत नाही.

पण एक सांगून ठेवते आणि हे सिरियसली घ्या. नाकातून चिकट घाण, अंगावर गाठी-फोड, ताप असं असेल तर हात लावू नका, तो ग्लँडर्स नावाचा संसर्गजन्य रोग असू शकतो, माणसालाही होतो, आणि कायद्यानं सरकारी दवाखान्याला कळवावंच लागतं, तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडून होते. आणि लाळ गळतीये, गिळता येत नाही, वागणं बदललंय, तर "दाढेत काहीतरी अडकलंय वाटतं" म्हणून तोंडात हात घालायचा नाही, तो रेबीजसुद्धा असू शकतो. १९६२ या हेल्पलाइन नंबरवर फोन करा, सरकारी फिरता दवाखाना येतो. आमच्यात जे अनुभवी आहेत तेच अशा वेळी दोन पावलं मागे उभे राहतात.

खाण्याबद्दल थोडं. जिलबी. मला माहितीये इंदोर आहे, मला माहितीये तिला आवडते, पण रोज साखरपाकातली जिलबी आणि गुळाचा खडा यांनी घोड्याच्या दातावरचं सिमेंटम मऊ पडतं आणि मी वर म्हटलं की किडणं मुख्य नाही, ते या घोड्यांना लागू होत नाही. म्हाताऱ्या जनावराला ज्याच्या दाढांचा साठा संपलाय त्याला कानस घासून काही उपयोग नाही, तिथं आपण जातं व्हायचं, बारीक कुट्टी, कोंडा, भरडा, सगळं पाण्यात भिजवून लगदा करून दिवसातून चार-पाच वेळा. अशी बिनदाताची गाढवं मी तिशीपर्यंत मजेत जगलेली बघितलीयेत. आणि दातांचं काम झाल्यावर गुंगी पूर्ण उतरेपर्यंत खायला द्यायचं नाही, अर्धवट झोपेत घास अन्ननलिकेत अडकतो, मग नाकातून हिरवा फेस आणि नवीन धावपळ.

डॉक्टर शोधणं अवघड आहे हे मान्य आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात गाढवं जेमतेम सव्वा लाख निघाली, २०१२ पेक्षा ६१ टक्के कमी, घोडे-खेचरंही झपाट्यानं कमी झालीत, मग या कामाची हत्यारं घेऊन फिरणारे कितीसे असणार. गाय-म्हशीच्या डॉक्टरकडे गॅग नसतो. इंदोरवाल्यांनी महूला कॉलेजच्या दवाखान्यात न्यावं, वीस-पंचवीस किलोमीटर आहे, आणि चार-पाच घोडीवाल्यांनी मिळून एकच दिवस ठरवला तर डॉक्टरलाही यायला परवडतं. मात्र दोन जनावरांच्या मधे कानस आणि गॅग औषधाच्या पाण्यात धुतले जातायत का तेवढं उभं राहून बघा.

काकांच्या घोडीचा गाल दहा-बारा दिवसांत भरला. तोपर्यंत लगाम बंद, वराती धाकटीवर. बिल दिलं तेव्हा काका कुरकुरले, म्हणाले माझ्या स्वतःच्या दाताला एवढे लागले नव्हते, मी म्हटलं तुमच्या तोंडात चोवीस दाढा नाहीत.

परवा त्यांचा परत फोन. नमस्कार-चमत्कार काही नाही, एकदम सुरू, "अगं, धाकटीच्या लिदीत काड्या दिसतायत, दीड दीड इंचाच्या, मोजल्या मी. आणि डाव्या बाजूनं चावते नुसती. बोळा एकच पडला, तो डबीत ठेवलाय तुला दाखवायला."

गुरुवारी सकाळी जातेय. तोपर्यंत चणे भिजवून द्या म्हटलंय, आणि जिलबी बंद, तिची. माझी नाही.